भिंतीवरचा दोनशे एक्केचाळीसावा

४ मार्च, शनिवार
हवा: गारठा, भुरभुर बर्फ. हजर: पाच. गैरहजर: अक्कल.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच होतो तेव्हा एकतीस वर्षं रोजच्या सरावाची वही लिहिली. निवृत्त झालो तेव्हा कपाटात अकरा कोऱ्या वह्या उरल्या होत्या. त्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून लिहीत असतो. एरवी त्यांत हवा, जेवण आणि माझ्या दोस्ताने, चेटने आज काय मूर्खपणा केला एवढंच असतं. आज पेन कागदातून आरपार जातंय.

स्लोव्हाक क्लबच्या मागच्या भिंतीवर आमची यादी रंगवलेली आहे. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, मोठे व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं एकामागून एक उचलतात, अडीचशेच्या वर. ज्याला जो नंबर मिळाला तो त्याला मरेपर्यंत चिकटला. आमची यादी म्हणजे, त्या त्या नंबरावर आजपर्यंत घेतलेल्यांत सगळ्यांत भारी कोण. सोळाला राइस, त्यात वाद नाही. एकशे नव्व्याण्णवला ब्रेडी. मिशिगनच्या कॉलेजातला माणूस आम्हा ओहायोवाल्यांच्या भिंतीवर! पण खरं ते खरं. नाव रंगवलं त्या दिवशी चेट भिंतीकडे पाठ करून बसला होता. चोवीसला रीड की रॉजर्स, यावरून दोन खुर्च्या मोडल्या आहेत.

नियम दोनच. मंडळात पाच माणसं, आणि पाचही हात वर झाल्याशिवाय नाव बदलत नाही. आणि ज्याने नाव सुचवलेलं असेल त्यानेच ते स्वतःच्या हाताने खरवडायचं.

तर आज ब्रेंडा. चेटची मुलगी, शाळेत गणित शिकवते. मंडळातला एक म्हातारा वारला, त्याची खुर्ची जानेवारीत तिला दिली. मीच हात वर केला होता, घ्या! आज कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत तिने फोन काढला आणि म्हणाली, "कोच, दोनशे एक्केचाळीसला आपण चुकलोय."

दोनशे एक्केचाळीसला ग्रेग हुदाक आहे. माझा मुलगा.

"त्या नंबरावर एक लाइनमन सापडलाय, पुढच्या फळीत धक्के देणारा धिप्पाड गडी," ती म्हणाली. "अकरा वर्षं खेळला. एकशे चाळीस सामने."

त्या लाइनमनचं नाव मी माझ्या वहीत लिहिणार नाही.

"आणि ग्रेग?" मी विचारलं. तिने उगाच फोनमध्ये बघितलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट फोनमध्ये काय बघायची?

"शून्य, कोच," ती म्हणाली.

मी टोपी उचलली आणि निघून आलो. कोलाची पेस्ट्री सुद्धा खाल्ली नाही, जर्दाळूची होती.

११ मार्च, शनिवार
हवा: बरी. डोकं: नाही.

आज तयारीने गेलो. उभं राहून बोललो. म्हटलं, ही यादी सर्वांत भारी खेळाडूची आहे, सर्वांत जास्त दिवस नोकरी केलेल्या माणसाची नाही. नाहीतर पोस्टमनला पण लावा भिंतीवर! सगळ्या संघांची माणसं कॉलेजात पोरं तपासायला आली होती, त्या दिवशी ग्रेग चाळीस यार्ड चार पूर्णांक सेहेचाळीस सेकंदांत पळाला. घड्याळ माझ्या हातात होतं. तुमचा तो लाइनमन चाळीस यार्ड पळायला सँडविच बांधून घेत असेल.

मंडळातले दोघे पावलिक भाऊ हसले. म्हणजे एक हसला, आणि दुसरा बहिरा आहे, तो भाऊ हसला म्हणून हसला.

"कोच, ही शर्यत नाही," ब्रेंडा म्हणाली. "सामने मोजायचे ना?"

"तो तिसऱ्या दिवशीच जखमी झाला! सराव शिबिरात! त्यात त्याचा काय दोष?"

"त्याचा दोष आहे असं कोण म्हणतंय?" हे चेट म्हणाला. कॉफीत बघत. आणि मग म्हणाला, "एमिल, सोड ना. नुसतं एक नाव आहे."

सोड ना! चोवीस नंबरावरून हा माणूस स्वतःच्या मेहुण्याशी चार वर्षं बोलला नव्हता. मेहुण्याच्या पोरीच्या लग्नात रॉजर्स म्हणणाऱ्यांच्या टेबलावर बसणार नाही म्हणून उभ्याने जेवला. आणि आज मला सांगतोय सोड. पोरीला खुर्ची काय मिळाली, बापाचा कणा गेला.

१७ मार्च, शुक्रवार
चर्चमध्ये मासे तळले होते. रांगेत चेट पुढे. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "ग्रेगशी बोललास का इतक्यात?"

म्हटलं, का? तो कोलंबसला त्याच्या टायरच्या दुकानात व्यग्र असतो. दर रविवारी फोन करतो. मी उचलला तर विचारतो, "आई आहे?" मी डोलोरेसला देतो. कमी बोलणारा पोरगा आहे. माझ्यावर गेलाय.

चेट माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मागच्या बाईने आम्हा दोघांना पुढे सरका म्हटलं.

१९ मार्च, रविवार
जेवताना डोलोरेसला सगळं सांगितलं. ब्रेंडाचा आगाऊपणा, चेटचं शेपूट घालणं, सगळं. ती कोबी-शेवया वाढत होती. म्हणाली, "खरवडून टाक."

"काय?"

"नाव. खरवडून टाक आणि मोकळा हो."

मी ताट तसंच ठेवून उठलो. चव्वेचाळीस वर्षं नवऱ्याचे आणि पोराचे चिखलाचे कपडे धुतले, पण फुटबॉल म्हणजे काय हे हिला कळलं नाही. फोन आला तेव्हा मी वर होतो. ती आणि ग्रेग अर्धा तास बोलत होते. एवढं काय बोलतात? टायरबद्दल अर्धा तास?

२५ मार्च, शनिवार
हवा: पाऊस. मत: चार विरुद्ध एक.

ब्रेंडाने मतदान मागितलं. चार हात वर. बहिऱ्या पावलिकला तर कशावर मत आहे हेही माहीत नसावं. मी हात टेबलाखाली दाबून बसलो, गुडघ्यांमध्ये.

मग माझा तोल गेला. लिहितोच, वही खोटं बोलत नाही. मी ब्रेंडाला म्हणालो, "तू आयुष्यात कधी बॉल हातात धरलायस? बापाच्या पुण्याईने खुर्चीवर बसलीस आणि माझ्या पोराचा नंबर मागतेस? आधी तुझ्या वर्गातली पोरं पास करून दाखव."

तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "कोच, मला हे करायला आवडतंय असं वाटतं तुम्हाला?"

"मग करतेस कशाला?"

चेटने कप आपटला. कॉफी सगळीकडे. "तिला एक शब्द बोलू नकोस, एमिल! तिने हे स्वतःहून काढलेलं नाही!" आणि मग कुलूप घातल्यासारखं तोंड मिटलं.

स्वतःहून नाही? मग कोणी? म्हणजे कट आहे. इतकी वर्षं एका बाकावर बसून कोल्बासी सॉसेजं खाल्ली त्या लोकांनी माझ्या पोराविरुद्ध कट केलाय. चोराच्या मनात चांदणं, म्हणूनच डोळ्याला डोळा देत नव्हता चेट.

२ एप्रिल, रविवार
पुरावा शोधायला बसलो. ब्रेंडाकडे फोन आहे तर माझ्याकडे वह्या आहेत. त्या वसंतात ग्रेग कुठल्या दर्जाचा होता ते माझ्याच अक्षरात वाचून दाखवणार, तोंडं बंद.

एकोणीस वर्षांपूर्वीची वही सापडली. शाळेच्या जिममध्ये फक्त आम्ही दोघं सराव करायचो, रोज, कॉलेजातून तो गाडी मारत यायचा. उड्या, धावा, वजनं, सगळे आकडे आहेत. उत्तम आकडे. मग संघांची माणसं येणार त्याच्या दहा दिवस आधीचं पान.

जसं आहे तसं उतरवतो. "ग्रे. डावा गुडघा सुजलाय, वाकत नाही. बर्फ. पट्टी. कॉलेजच्या डॉक्टरला दाखवू का म्हणाला. नाही म्हटलं. बाहेर फुटलं तर नंबर घसरेल, कदाचित मिळणारच नाही. संघांच्या फॉर्मवर जखम: नाही असं लिहायला सांगितलं. रडला. उद्या पुन्हा सहा वाजता."

बरं. मग?

कुठला बाप हेच करत नाही? एकतीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, दुखणं वेगळं आणि मोडणं वेगळं. दुखऱ्या बोटांनी, दुखऱ्या खांद्यांनी पोरं खेळली आणि जिंकली. आणि पळालाच की तो! चार सेहेचाळीस! सुजलेल्या गुडघ्यावर चार सेहेचाळीस, याचा अर्थ चांगल्या गुडघ्यावर काय पळाला असता! हे सांगायला हवं मंडळाला.

नाही, हे नको सांगायला.

वही गॅरेजमध्ये हत्यारांच्या पेटीखाली ठेवली. डोलोरेस उगाच आवराआवर करत असते.

९ एप्रिल, ईस्टर
हॅम, बीट-मुळ्याची चटणी, अंडी. ग्रेग आला नाही. दुकानात काम आहे म्हणे. ईस्टरला टायर कोण बदलतं?

१५ एप्रिल, शनिवार
क्लबात गेलो नाही. चेटच्या घरी गेलो, सोक्षमोक्ष लावायला. तो मागच्या अंगणात टोमॅटोसाठी माती उकरत होता. म्हटलं, "बोल. कोणी काढलं हे? कोणाला खुपतंय माझं पोर?"

तो उठला, हात पुसले, घरात गेला. आला तो एक पाकीट घेऊन. "दोन वर्षं झाली," म्हणाला. "तुला दाखवू नको असं त्याने लिहिलं होतं. पण तू माझ्या पोरीला रडवलंस, आता मी बांधील नाही."

ग्रेगचं अक्षर. मी ओळखणार नाही?

"चेटकाका, एक काम करा. माझं नाव भिंतीवरून काढा. आईला भेटायला आलो की कोणीतरी मला क्लबात ओढून नेतं आणि त्या नंबराखाली उभं करून फोटो काढतं. मी जिना एकेक पायरी उतरतो आणि लोक माझा फोटो काढतात. तो नंबर माझा नाही, बाबांचा आहे. काहीतरी निमित्त काढा. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. ते चिडतील."

चिडतील! चिडलोच. आधी चेटवर. दोन वर्षं खिशात ठेवून माझ्यासमोर बसून खातोस? म्हणाला, "मग काय करायचं होतं? तुझ्या तोंडावर मारायचं होतं? ब्रेंडाला मी म्हटलं, त्या नंबरावरचा कोणीतरी चांगला शोध, म्हणजे एमिलला वाटेल खेळात हरलो. हरणं तुला झेपतं. सगळा हिवाळा ती शोधत होती, आणि तू तिला पोरं पास कर म्हणालास."

मी म्हटलं ग्रेगला काय कळतंय, त्याच्यासाठीच केलं सगळं.

चेट म्हणाला, "गुडघ्याचं पण?"

"कोणता गुडघा?"

"एमिल, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी शाळेचा रखवालदार होतो, गाढवा. जिमचं कुलूप कोण उघडायचं सकाळी सहाला? तो भिंतीला धरून बाहेर पडायचा आणि तू मागून घड्याळ घेऊन."

त्याच्या टोमॅटोच्या वाफ्यातून तुडवत बाहेर आलो. मुद्दाम नाही. थोडं मुद्दाम.

१६ एप्रिल, रविवार
फोन वाजला. मी उचलला नाही.

१८ एप्रिल, मंगळवार
सगळ्यांचा राग येतोय. चेटचा, कारण त्याने पाहिलं आणि एकोणीस वर्षं मला काही बोलला नाही. डोलोरेसचा, कारण विचारलं तर म्हणाली, "मला माहीत होतं, त्या दिवसांत मीच रात्रभर बर्फ बदलत होते." मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले होते. तू ओरडलास." मला आठवत नाही. ग्रेगचा, कारण पत्र चेटला लिहिलं. बाप जिवंत असताना काकाला पत्र!

आणि त्या फॉर्मचा. एक छोटा चौकोन होता. त्यात "नाही" लिहायला त्याला मी सांगितलं आणि त्याने लिहिलं, कारण कोचने सांगितलं होतं. घरातही मी कोचच होतो. तो मला बाबा म्हणायचा आणि मी शिट्टी फुंकायचो.

डॉक्टरला दाखवलं असतं तर त्या वर्षी नंबर मिळाला नसता. बस, इतकंच झालं असतं. गुडघा बरा झाला असता. कुठे ना कुठे खेळला असता. निदान जिना तरी सरळ उतरला असता. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय. एक नंबर! अडीचशेतला दोनशे एक्केचाळीसावा!

२२ एप्रिल, शनिवार
हवा: ऊन. हजर: पाच.

मी आधीच जाऊन बसलो होतो. ब्रेंडा आली, लांबची खुर्ची घेतली. मी म्हटलं, "मतदान घे." ती म्हणाली, "कोच, राहू दे, पुढच्या वर्षी बघू." म्हटलं, "घे म्हणतो ना!" माझा आवाज चढला, मला मऊ आवाजात काही बोलताच येत नाही.

चार हात वर झाले. मग मी उठलो. म्हटलं, हात वर करायच्या आधी एक बोलायचंय. म्हटलं, हा नंबर खोटा आहे. लाइनमन भारी होता म्हणून नव्हे, तो नसता तरी खोटाच. पोराचा गुडघा गेला होता आणि मी तो लपवला, त्यालाही लपवायला लावला. तुमच्या भिंतीवर मी एकोणीस वर्षं खोटं रंगवून ठेवलं.

बहिऱ्या पावलिकने भावाला ढोसलं, "काय म्हणतोय?"

भाऊ त्याच्या कानात ओरडला, "म्हणतोय पोराचा गुडघा लपवला होता!"

"हात्तिच्या!" बहिरा म्हणाला. "ते तर जुनंच आहे!"

सगळ्यांना माहीत होतं! बहिऱ्याला सुद्धा! एकोणीस वर्षं ही माणसं त्या नावाखाली बसून बिअर पीत होती, आणि प्रत्येकाला माहीत होतं, आणि नाव राहू दिलं. ग्रेगसाठी नाही. माझ्यासाठी. माझ्यावर दया केली माझ्या तोंडावर! टेबल उलथून टाकावंसं वाटलं. पण हात वर केला.

चेटने खरवडणी पुढे केली. ग्रेगचं नाव मी तीन हात देऊन रंगवलं होतं, निघता निघेना. वीस मिनिटं लागली. 'हुदाक'चा 'क' सगळ्यांत चिवट. मग ब्रश घेऊन त्या लाइनमनचं नाव मीच लिहिलं, नियमात नव्हतं तरी. ब्रेंडा शिडी धरून उभी होती. खाली उतरताना म्हटलं, "तुझी पोरं पास होतात, मला माहीत आहे." ती म्हणाली, "सगळी नाही होत, कोच."

माफी मागायची म्हणजे याहून जास्त मला येत नाही. शिकायला पाहिजे होतं.

२७ एप्रिल, गुरुवार. ड्राफ्ट.
टीव्ही लावून बसलो होतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी फोन वाजला. रविवार नव्हता. मी उचलला.

"आई आहे?" सवयीने म्हणाला. मग म्हणाला, "ब्रेंडाने कळवलं."

आठवडाभर मनात भाषण तयार केलं होतं. ते सगळं गेलं. मी म्हटलं, "गुडघा सुजला होता ते मला दिसत होतं. तू डॉक्टरकडे जाऊ का म्हणालास, मी नाही म्हटलं. ती माझी चूक होती, ग्रेग. तुझा पाय मी घालवला."

"हो," तो म्हणाला.

एवढंच. "असू दे बाबा" नाही, "झालं ते झालं" नाही. मला वाटलं होतं म्हणेल. क्षणभर राग आला, आणि मग कळलं की तो का म्हणेल? कशाला म्हणेल?

मग त्यानेच विचारलं, "भिंतीवर तीनला कोण आहे हो तुमच्या?"

एकोणीस वर्षांत त्याने मला भिंतीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. म्हटलं, "सँडर्स. तीनला दुसरं कोण असणार?"

"मुनोझ हवा."

"लाइनमन? तू पण? अरे, सँडर्ससारखा पळणारा पुन्हा जन्मला नाही, आणि तू मला—"

"बाबा," तो म्हणाला. "मुनोझच्या गुडघ्यावर कॉलेजात तीन ऑपरेशनं झाली होती. त्याने लपवलं नाही. सगळ्या संघांना माहीत होतं. तरी आपल्या सिनसिनाटीने त्याला तिसरा घेतला. तेरा वर्षं खेळला."

मी एकतीस वर्षं कोच होतो. ओहायोतल्या कुठल्या कोचला हे माहीत नाही? त्या सकाळी जिममध्ये, पोराच्या गुडघ्यावर पट्टी बांधत होतो तेव्हाही मला हे माहीत होतं.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"मग?" तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे त्याच्या टीव्हीवर आणि इकडे माझ्या टीव्हीवर पहिल्या पोराचं नाव पुकारलं. ते पोरगं उठलं, आईला मिठी मारली, मग बापाला, आणि धावत पायऱ्या चढून मंचावर गेलं. ग्रेगचा श्वास मला ऐकू येत होता.